दर्भाचा कावळा

आमदाराच्या पीएला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत, असं मोठे साहेब म्हणायचे. एक, समोरून येणाऱ्या माणसाचं नाव साहेबांच्या कानात वेळेवर सांगणं. दुसरी, साहेब घरात असताना ‘साहेब मुंबईला गेलेत’ असं न अडखळता सांगणं. मला दोन्ही चांगल्या येतात. एकतीस वर्षं मी याच दोन गोष्टींवर काढली. आधी मोठ्या साहेबांकडे, म्हणजे साहेबरावांकडे, जे चार वेळा निवडून आले. ते गेल्यावर त्यांच्या मुलाकडे, शिवशंकरदादांकडे. आमदार बदलला, पण गारखेड्यातला बंगला तोच, कार्यालयातलं टेबल तेच आणि टेबलामागे बसलेला सांडूही तोच.

मोठ्या साहेबांचा आणखी एक नियम होता. “लग्नाला उशीर झाला तरी चालतं, सांडू. अक्षता पडून गेल्या तरी जेवायला बसता येतं. पण दहाव्याला गेलं की कावळा शिवल्याशिवाय उठायचं नाही.” आणि ते खरंच उठायचे नाहीत. एकदा वैशाखात दुपारी दोनपर्यंत ते नदीच्या वाळूत बसले होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्या गावानं पुढची वीस वर्षं दुसऱ्या कोणाला मत दिलं नाही.

आमच्यात हे नाही. आम्ही बौद्ध. माणूस गेला की वंदना घेतो, पुण्यानुमोदनाला चार माणसं जेवू घालतो आणि कामाला लागतो. कावळ्याच्या चोचीत माणसाचं मन अडकलेलं असतं, हे मला कधी पटलं नाही. पण नोकरीच्या निमित्तानं हजारभर दहावे तरी मी बघितले असतील. पिंड मांडतात, लोक बाजूला होतात आणि वाट बघतात. कावळा आला तर ठीक. नाही आला तर गेलेल्याची काहीतरी इच्छा मागे राहिली असं धरतात. मग घरचे हात जोडून एकेक बोलायला लागतात. धाकटीचं लग्न थाटात करू, भावाशी भांडण मिटवू, गाय विकणार नाही. ज्या शब्दाला कावळा उतरेल ती त्याची इच्छा. मी मागे उभा राहून मनात म्हणायचो, एवढं माणूस जिवंत असताना विचारलं असतं तर कावळ्याला एवढे कष्ट पडले नसते.

तर हिवरवाडीच्या कडुबाचा दहावा.

हिवरवाडी वेरूळच्या पुढे, डोंगराच्या पोटाला. सगळी धनगर वस्ती. कोणाची मेंढरं, कोणाची थोडी शेती, बाकी मजुरी. कडुबा तिथला शब्द होता. आजूबाजूच्या सात वाड्या त्याच्याकडे बघून मत द्यायच्या. गेल्या खेपेला दादा सातशे बारा मतांनी निवडून आले, त्यातली सहाशे कडुबाची, हे दादांनाही पाठ होतं. आणि यंदा ऑक्टोबरात आचारसंहिता लागली, पक्षाची पहिली यादी आली आणि तीत दादांचं नाव नव्हतं. दुसरी यादी लागणार त्याच दिवशी नेमका दहावा. पाच वाजता मुंबईत भेटायला बोलावलं होतं. चिकलठाण्याहून दुपारी विमान होतं.

“काका, जावंच लागेल का?” दादांनी आदल्या दिवशी मला विचारलं.

“लागेल,” मी म्हणालो. “समोरचे उमेदवार अंत्यविधीला येऊन गेलेत. आता तुम्ही दहाव्यालाही नाही गेलात तर हिवरवाडी विसरा. हिवरवाडी गेली तर तिकीट मिळून काय उपयोग?”

दादांची झोप उडालेली होती. आठ दिवसांत गालफडं वर आली होती. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण आजोबांचा फोटो, वडिलांचा फोटो आणि त्याखाली आपली खुर्ची, एवढं सोडून त्याला जगात दुसरं काही नव्हतं. आमदारकी गेली तर सकाळी उठून काय करायचं हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला एकदा तसं म्हणालेही होते. मला त्यांची दया यायची. आणि खोटं कशाला बोलू, मला माझीही काळजी होती. माझा मुलगा अभय त्यांच्याच शिक्षण संस्थेत क्लार्क आहे.

त्या संस्थेचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हिवरवाडीत संस्थेची एक शाळा आहे. ती उभी आहे ती कडुबाच्या दोन एकरावर. मोठ्या साहेबांनी शब्द टाकला आणि त्यानं जमीन बक्षीसपत्र करून दिली. बदल्यात एकच मागणं. मुलगी ज्ञानेश्वरी शिकतेय, ती याच शाळेत बाई व्हावी. साहेब म्हणाले, “झाली म्हणून समज.” ज्ञानेश्वरी बीएड करून आली आणि शिकवायला लागली. शाळा विनाअनुदानित, म्हणजे पगार नाही. अनुदान आलं की सगळे कायम होतील, असं सांगायची पद्धत आहे. चौदा वर्षं ती पोरगी बिनपगारी शिकवत राहिली. गेल्या वर्षी अनुदान आलं. शिक्षकांच्या नावांचा प्रस्ताव पाठवायचा होता. त्यात ज्ञानेश्वरीच्या जागी सुलेखावहिनींच्या भावजयीचं नाव गेलं. सुलेखावहिनी म्हणजे दादांची बायको. त्यांच्या माहेरच्यांच्या मुठीत मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाची पंधरा गावं. त्या भावजयीनं हिवरवाडी नकाशातसुद्धा बघितली नसेल.

तो प्रस्ताव मी टाइप केला. ज्ञानेश्वरीचं नाव मी या बोटांनी खोडलं.

त्यानंतर कडुबा सहा वेळा बंगल्यावर आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बाकड्यावर बसायचा. “सांडूभाऊ, पोरीचं तेवढं बघा,” म्हणायचा. मी म्हणायचो, पुढच्या टप्प्यात होतंय. शेवटच्या वेळी तो सकाळी आला आणि संध्याकाळी गेला. मी त्याला सांगितलं, दादा मुंबईला आहेत. दादा वरच्या मजल्यावर होते. कडुबा म्हणाला, “बरं बरं.” चहासुद्धा घेतला नाही. पंधरा दिवसांनी तो गेला.

दहाव्याला पाचशे माणूस होता. नदी म्हणायची तिला, पण खरा तो ओढाच, गुडघाभर पाण्याचा. समोरचे उमेदवार पुढच्या रांगेत मांडी घालून बसले होते. प्रवचन झालं. दादांनी श्रद्धांजली वाहिली, मी दिलेली चिठ्ठी न बघता बोलले, चांगलं बोलले. साडेनऊला कडुबाच्या पुतण्यानं पिंड ठेवले आणि लोक मागे सरकले.

बाभळीवर चार कावळे होते. त्यातला एक खाली आला, पिंडापासून दोन हातांवर उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

पुतण्या पुढे झाला. हात जोडले. “काका, मेंढरं इकणार नाय. काकूला अंतर देणार नाय.” कावळे हलले नाहीत. कडुबाची बायको राजाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, “माही काळजी करू नका, धनी. मी हाये बरी.” तरी नाही. कोणी म्हणालं बिडीबंडल ठेवा, ठेवलं. कोणी म्हणालं पिठलं-भाकर ठेवा, तेही आलं. दहा वाजले. ऊन चढायला लागलं. दादा मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि पटकन बाही खाली ओढायचे.

मग साळूबाई नावाची एक म्हातारी उठली. तिला बसवणार कोण? “आरं, त्यो घरादारात कवा अडकला व्हता का? सारा जलम साहेबाच्या दारात गेला. साहेबालाच बोलू द्या काय तरी!”

पाचशे माना आमच्याकडे वळल्या.

दादा उठले. चपला काढल्या, पिंडासमोर गेले, हात जोडले. “कडुबाकाका, तुमच्या नावानं गावात सभामंडप बांधतो.” तिकडे कोणीतरी मोबाइल वर धरला. मी जाऊन कानात म्हणालो, “दादा, आचारसंहिता.” तेवढ्यात दादा पुढचं बोलून गेले होते, “वाडीचा रस्ता डांबरी करतो.” कावळ्याला दिलेलं आश्वासन आचारसंहितेत बसतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. कावळ्याला तर त्यातलं काहीच नको होतं. एक जण उडाला, आमच्या आशा वाढल्या आणि तो ओढ्यापलीकडे जाऊन चिखलात चोच मारायला लागला.

“राजाबाई माझ्या आईच्या जागी,” दादा म्हणाले. “पाण्याची टाकी करतो.” “तुमच्या पुतण्याला माझ्यासोबत ठेवतो.” प्रत्येक वाक्याला त्यांचा आवाज बारीक होत गेला. सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती. चार वेळा निवडून आलेल्या बापाचा मुलगा, विधानसभेत मंत्र्यांना धारेवर धरणारा माणूस, बाभळीवरच्या चार पाखरांपुढे गयावया करत होता. मला ते बघवेना. सव्वाअकरा झाले.

ज्ञानेश्वरी आईला धरून उभी होती. ती एक शब्द बोलली नव्हती. गावाला मात्र सगळं माहीत होतं. कडुबाची इच्छा कोणती हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं, आणि सगळे गप्प बसून बघत होते की साहेब ते नाव घेतो का. मला ते आत्ता इतकं स्पष्ट दिसतं. तेव्हाही दिसत होतं.

मी पुन्हा दादांजवळ गेलो. “दादा, पोरीचं बोला.”

“वेड लागलं का काका? सुलेखाला काय सांगू? तिचे वडील पंधरा गावं घेऊन घरी बसतील.”

“आत्ता नुसतं बोला. नंतरचं नंतर बघू.”

दादांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, घामाचं की कशाचं ते कळेना. “पाचशे माणसांत बोललो की त्याला नंतर नसतं,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एक खरं वाक्य. आणि बघा, त्या घटकेलासुद्धा मी त्यांना खोटंच बोलायला सांगत होतो.

त्यांच्या खिशातला फोन थरथरला. मुंबईचा असणार. त्यांनी तो काढला नाही. गुरुजींकडे गेले आणि हळू म्हणाले, “गुरुजी, दर्भाचा करा.”

कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्रात सोय आहे. पण ती सगळे थकल्यावर, घरच्यांनी म्हटल्यावर. पाहुण्यानं म्हणायची नव्हे.

“आणखी थोडं थांबू साहेब,” गुरुजी म्हणाले. “बाराच्या सुमाराला येतात कधी कधी.”

“शास्त्रात आहे ना?”

“आहे.”

“मग करा. माझं विमान आहे.”

शेवटचं वाक्य त्यांनी हळूच म्हटलं होतं. पण तिथं इतकी शांतता होती की ते मागच्या रांगेपर्यंत गेलं.

गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, वळल्या, गाठ मारली. तेवढा वेळ माझ्याकडे होता. ज्ञानेश्वरी माझ्याकडे बघत होती, दादांकडे नाही. एक पाऊल पुढे टाकायचं आणि बोलायचं, ‘कडुबा, तुझ्या पोरीचं नाव मी खोडलं, आणि त्या दिवशी साहेब वरच होते.’ एवढंच. कावळा आला असता की नसता, मी मानत नाही. पण पाचशे माणसांनी ऐकलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे अभय आला, त्याचं टेबल आलं, त्याच्या लेकीचं दप्तर आलं. मी मान खाली घातली.

गुरुजींनी गवताचा तो कावळा पिंडाला टेकवला. “शिवला,” ते म्हणाले. राजाबाईनं हंबरडा फोडला. दादा चपला घालून गाडीकडे चालायला लागले. मोठे साहेब निघायचे तेव्हा अख्खं गाव गाडीपर्यंत यायचं. आमच्यामागे कोणी उठलं नाही. गाडीचं दार मीच लावलं.

संध्याकाळी तिकीट मिळालं. कार्यालयाबाहेर फटाके वाजले. मला वाटलं, चला, निभावलं.

कुठलं निभावतंय! त्या रात्रीपासून व्हिडिओ फिरायला लागला. दादा हात जोडून सभामंडप देतायत, रस्ता देतायत, टाकी देतायत, आणि शेवटी “माझं विमान आहे.” आठ दिवसांत मतदारसंघात दादांचं नाव पडलं गवत्या कावळा. आम्ही प्रचाराला गेलो की वेशीवर दोऱ्याला टांगलेला गवताचा कावळा दिसायचा. सभेच्या पहिल्या खुर्चीवर ठेवलेला असायचा. एकदा गाडीच्या बॉनेटवर निघाला. समोरच्या उमेदवारानं एका भाषणात त्याचा उल्लेख केला नाही. गरजच नव्हती.

दादा वेड्यासारखे फिरले. रोज अठरा-अठरा तास. हातापाया पडले. जिथे दहावा असेल तिथे जाऊन बसायचे, दुपारपर्यंत बसायचे. लोक त्यांच्याकडे बघून बाभळीकडे बघायचे आणि तोंडाला गमछा लावून हसायचे. शेवटच्या दिवशी ते मला घेऊन राजाबाईच्या दारात गेले. उन्हात पाऊण तास उभे राहिले. “मावशी, चूक झाली. पोरीला घेतो संस्थेत. शपथ घेतो.” दार उघडलं नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. गाडीत बसल्यावर दादा लहान पोरासारखे रडले. “बाबांनी मला हे एकच शिकवलं होतं काका,” म्हणाले. “कावळा शिवेपर्यंत उठायचं नाही. मला तेवढंसुद्धा जमलं नाही.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटत होतं चूक उठण्याची झाली. मी ती समजूत तशीच राहू दिली.

चार हजार मतांनी पडलो. हिवरवाडीच्या बूथवर नऊ मतं. बंगल्यावरची बाकडी दोन दिवसांत रिकामी झाली. सासऱ्यांची पंधरा गावंसुद्धा आली नव्हती, ती तर आधीच दुसरीकडे बोलून बसली होती. दादा वरच्या मजल्यावरून खाली येईनासे झाले. कोणी आलंच तर मी सांगायचो, दादा वर आहेत. आता खरं सांगायला हरकत नव्हती, पण विचारायला कोणी येत नव्हतं.

डिसेंबरात मी एकटा एसटीनं हिवरवाडीला गेलो. शाळेत गेलो. ज्ञानेश्वरी वर्गात एकटीच होती, मुलं मैदानात खिचडी खात होती. ती अजून शिकवत होती, बिनपगारी. मी दारात उभा राहिलो. तिनं वह्या बाजूला ठेवल्या.

“या काका. बसा.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. प्रस्ताव मी टाइप केला, तुझं नाव मी खोडलं, पुढचा टप्पा वगैरे सगळी थाप होती, आणि तुझे वडील शेवटचे आले तेव्हा दादा वरच होते, मी त्यांना मुंबईला गेलेत म्हणून सांगितलं. सगळं बोललो. वाटलं, ती ओरडेल, रडेल. मला ते हवं होतं.

“बाला माहीत व्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“साहेब वर हायेत म्हणून. साहेबाच्या चपला जिन्याच्या पायरीवर व्हत्या. बा दिवसभर त्या चपलांकडं बघत बसला. घरी येऊन म्हणला, साहेबानं नाय म्हणलं असतं तर मी लगीच उठलो असतो. सांडूला इच्यारलं, त्यो बी नाय म्हणंना. तेवढं कोणी तरी खरं बोलाया पायजे व्हतं, म्हणला. नोकरीचं त्यानं सोडून देलं व्हतं काका.”

मी मैदानातल्या मुलांकडे बघायला लागलो.

“त्या दिवशी नदीवर मी तुमच्याकडंच बघत व्हते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मला वाटलं, तुम्ही बोलताल. तुम्हाला तर कावळ्याचं भ्या नव्हतं.”

“बाई, मी आता कुठंही सांगायला तयार आहे. कार्यालयात, कोर्टात...”

“आता इथं मी एकटीच हाये, काका. तवा पाचशे माणसं व्हती.”

तिनं वह्या पुन्हा ओढून घेतल्या. बाहेर घंटा झाली. मुलं ताटं धुऊन आत यायला लागली आणि दारात मी उभा असल्यामुळे त्यांना येता येईना. ती म्हणाली, “काका, जरा बाजूला व्हता का?” मी बाजूला झालो.